फुगलेली शीर काढली, तर रक्त कुठून जाणार?

पायावरच्या फुगलेल्या शिरांचं, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन सुचवलं, की समोर चोपड्याचे आजोबा बसलेले असोत नाहीतर धरणगावच्या शाळेतल्या बाई, पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, नस काढी टाकी ते रगत कथाईन जाई?" खर्चाचा प्रश्न त्यानंतर येतो आणि सुट्टीचा त्याच्याही नंतर. प्रश्न रास्त आहे. शरीरात उगाच म्हणून काही दिलेलं नसतं, ही समजूत त्यामागे असते आणि ती बहुतेक वेळा बरोबरही असते.

पायातलं रक्त हृदयाकडे परत जायला दोन वाटा आहेत. एक खोल, स्नायूंच्या आतून जाणारी. दुसरी वरवरची, कातडीच्या लगेच खालून. जवळपास ९० टक्के रक्त खोल शिरांतून जातं, वरच्या शिरांच्या वाट्याला थोडंच उरतं. त्यातून जी शीर फुगून वाकडीतिकडी झाली आहे, ती तेवढंही काम करत नसते. तिच्यातलं रक्त वर चढायचं सोडून उलटं खाली येतं आणि तेच रक्त खोल शिरांना पुन्हा वर न्यावं लागतं. म्हणून ती बंद केली की रक्ताची अडचण होत नाही, उलट खोल शिरा सुटतात.

रक्त उलटं का येतं? विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की काय होतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मोटार बंद झाली रे झाली की पाइपातलं पाणी खाली उतरून जातं. शिरांमध्येही अशाच एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. चालताना पोटरीचा स्नायू आवळला जातो, रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की झडपा मिटतात आणि वर गेलेलं रक्त खाली येत नाही. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. चालू लागलं की निरोगी पायात तो ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात चालूनही तो पुरेसा उतरत नाही. हा दाब वर्षानुवर्षं घोट्याच्या कातडीवर पडत राहतो आणि पुढची सगळी दुखणी त्यातून निघतात.

आता मुद्द्याची गोष्ट. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून, गुडघ्याच्या आतून, मांडीतून थेट जांघेपर्यंत एक लांब शीर जाते. तिला ग्रेट सॅफेनस व्हेन म्हणतात. जांघेत ती खोल शिरेला मिळते आणि बिघडते ती बहुतेक वेळा तिथली झडप. पोटरीवर दिसणारे निळे गाठोळे म्हणजे या शिरेच्या किंवा पोटरीमागून गुडघ्याच्या लवणीत जाणाऱ्या दुसऱ्या शिरेच्या फुगलेल्या फांद्या. गळती वर, जिथे काही दिसतही नाही, फुगवटा खाली. "एवढ्या गाठी काढून टाका ना" असं पेशंट म्हणतात तेव्हा अडचण ही असते, की वरची गळती तशीच ठेवून गाठी काढल्या तर थोड्या वर्षांत नव्या गाठी तयार होतात.

हा आजार कुणाला होतो याची यादी खान्देशात फिरलं की डोळ्यांपुढे येतेच: सराफ बाजारात दिवसभर काउंटरमागे उभे असलेले सेल्समन, एसटीचे वाहक, सलूनवाले, हॉटेलातले आचारी, पोलिस, शिक्षक. पण नुसत्या उभं राहण्याला सगळा दोष देऊ नये. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त. गरोदरपणात शिरा फुगतात, त्यातल्या काही नंतर उतरतात, काही राहतात. वय आणि वजन त्यात भर घालतात. उन्हाळ्यात शिरा आणखी सैल पडतात, म्हणून मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पाय "भरी येतस" अशी तक्रार वाढते.

सगळ्यांना ऑपरेशन लागतं असं मात्र नाही. डॉक्टर या आजाराच्या ० ते ६ अशा पायऱ्या धरतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा ही पहिली, ती फक्त दिसायला वाईट. तीन मिलिमीटरहून जाड, कातडीवर उठून दिसणाऱ्या शिरा ही दुसरी. मग संध्याकाळी चढणारी सूज. चौथ्या पायरीला घोट्याच्या वरची कातडी काळपट, कडक आणि खाजरी होते. ही पायरी आपल्याकडे हमखास हुकते, कारण खाज सुटली की माणूस मेडिकलवर जातो, गजकर्णाची ट्यूब घेतो आणि महिनोन्‌महिने चोळत बसतो. त्यातल्या कित्येक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. खाज तात्पुरती थांबते, कातडी पातळ होत जाते आणि एक दिवस खाटेचा खूर लागायचं निमित्त होऊन जखम होते. पाचवी पायरी म्हणजे भरलेली जखम, सहावी म्हणजे उघडी जखम. दुसऱ्या पायरीवर पाय दुखत, ठणकत, जड पडत असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. चौथ्या पायरीपुढे तो टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनआधीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे पायाचा डॉपलर, म्हणजे रक्ताची दिशा दाखवणारी सोनोग्राफी. ती कशी होते ते नीट बघून ठेवावं, कारण इथेच घाई केली जाते. पेशंट उभा हवा. वजन दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय किंचित बाहेर वळवून सैल सोडलेला. डॉक्टर जांघेत जेल लावून यंत्राचं टोक टेकवतात आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडतात. दाबल्यावर रक्त वर जाताना पडद्यावर एक रंग चमकतो. सोडल्यावर झडप चांगली असेल तर पडदा जवळजवळ लगेच शांत होतो. खराब असेल तर दुसरा रंग उमटतो आणि टिकून राहतो. वरवरच्या शिरेत ही उलटी धार अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकली तर ती गळती धरायची. मांडीपासून घोट्यापर्यंत असं इंच इंच बघत, शीर किती जाड आहे, खोल शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा कुठे गळतात, हे सगळं लिहायला अर्धा तास सहज जातो. पेशंटला झोपवून, पाच मिनिटांत उरकलेल्या डॉपलरवर गळतीचा भरवसा धरता येत नाही. "खोल शिरेत गुठळी नाही" एवढी एकच ओळ असलेला अहवाल घेऊनही लोक येतात. ती ओळ कामाची आहे, पण ऑपरेशन कुठे करायचं हे तिच्यावरून ठरत नाही.

ती कामाची का, तेही सांगतो. कधीकाळी पायात गुठळी होऊन खोल शीरच बंद पडली असेल, तर वरच्या फुगलेल्या शिरा हीच रक्ताची उरलेली वाट असू शकते. अशा पायात ती शीर बंद केली तर आजोबांचा तो प्रश्न अगदी खरा ठरेल. म्हणून आधी पाहणी, मग कात्री.

ऑपरेशनाचा इतिहास जुना आहे. १८९०च्या सुमारास जर्मनीत फ्रिडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी मांडीत ही शीर बांधून टाकायला सुरुवात केली. जांघेतली झडप तपासायची एक साधी चाचणी आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते. १९०५ ते १९०७ या काळात अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक या सर्जननी शीर अख्खी ओढून काढायच्या पद्धती आणल्या. बॅबकॉक यांची लवचिक तार शिरेच्या आतून घालायची, टोकाला बोंड बसवायचं आणि ओढायचं. जवळजवळ शंभर वर्षं जगभर हेच ऑपरेशन होत होतं. जांघेत दोन-तीन बोटांचा छेद, मुख्य शीर आणि तिला तिथे मिळणाऱ्या सगळ्या फांद्या बांधायच्या, मग शीर गुडघ्यापर्यंत काढायची. घोट्यापर्यंत ओढली तर तिला चिकटून जाणारा संवेदनेचा मज्जातंतू दुखावतो आणि पायाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, म्हणून आता गुडघ्याखाली शक्यतो जात नाहीत. कमरेत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल, रुग्णालयात एखादा दिवस, मांडी काळीनिळी आणि दोन-तीन आठवडे विश्रांती. हे ऑपरेशन आजही होतं आणि ते टाकाऊ झालेलं नाही. शीर फार जाड, फार वळणावळणाची असेल किंवा जवळ दुसरी सोय नसेल, तर अनुभवी हातात ते उत्तम काम देतं.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस शीर काढण्याऐवजी आतून जाळून बंद करायची पद्धत आली. उष्णता रेडिओ लहरींनी द्यायची किंवा लेझरने, एवढाच दोहोंत फरक. काम असं चालतं: सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत एक बारीक नळी सरकवतात आणि तिचं टोक जांघेतल्या संगमाच्या साधारण दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. त्याहून पुढे गेलं तर उष्णता खोल शिरेला लागायची. मग येतो या ऑपरेशनाचा खरा कष्टाचा भाग, ज्याची जाहिरात कुणी करत नाही. थंड सलाइनमध्ये भुलीचं औषध मिसळून ते शिरेच्या सगळ्या बाजूंनी, मांडीभर, जागोजागी टोचत जायचं. त्या पाण्याने तीन गोष्टी साधतात. जागा बधिर होते, शीर नळीवर घट्ट आवळली जाते आणि आजूबाजूची कातडी व मज्जातंतू भाजत नाहीत. हे पाणी सबुरीने, पुरेसं भरलं असेल तर पुढचं सोपं असतं. रेडिओ लहरींच्या नेहमीच्या नळीचं तापणारं टोक सात सेंटिमीटरचं असतं. ते १२० अंशांना वीस सेकंद तापतं, मग नळी तेवढीच मागे ओढायची आणि पुन्हा वीस सेकंद. मांडीतली शीर काही मिनिटांत संपते. पेशंट जागा असतो, गप्पा मारत असतो, आणि नंतर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर जातो. जळलेली शीर आकसून दोरीसारखी होते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर ती विरघळवून टाकतं.

पोटरीवरचे गाठोळे वेगळे काढावे लागतात. उभं असताना मार्करने त्यांच्यावर खुणा करून घेतात, कारण आडवं झालं की ते गायब होतात. खुणेवर दोन-तीन मिलिमीटरची चीर द्यायची, क्रोशाच्या सुईसारख्या आकड्याने शीर वर काढायची आणि तुकड्या-तुकड्याने ओढून घ्यायची. टाका बहुधा लागत नाही. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट म्युलर यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रुळवली. उरलेल्या बारीकसारीक शिरांत औषधाचा फेस टोचतात. एक भाग औषध आणि साधारण चार भाग हवा दोन सिरिंजमध्ये घुसळली की पांढरा दाट फेस तयार होतो, तो शिरेचं अस्तर जाळतो. फेस स्वस्त पडतो, परत परत देता येतो, पण मोठी शीर नुसत्या फेसाने बंद केली तर ती पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त असतं. शिवाय कातडीवर तपकिरी डाग राहू शकतो. अलीकडे शिरेत चिकट द्रव सोडून ती आतून चिकटवायची पद्धतही आली आहे. तो द्रव फेविक्विकच्याच रासायनिक कुळातला, पण शरीरात चालेल असा बनवलेला. (म्हणून घरच्या फेविक्विकने जखमा चिकटवू नका; तसले पेशंटही पाहिलेत.) त्यात भाजण्याची भीती नाही, मांडीभर पाणी भरायला नको, पण खर्च बराच. काहींना शिरेवर लाली आणि खाज येते.

ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ साली क्रम लावून दिला: आधी उष्णतेची पद्धत, ती जमत नसेल तर फेस, तेही जमत नसेल तर शीर काढण्याचं ऑपरेशन. हा क्रम मलाही पटतो. पण जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर "लेझरने व्हेरिकोज व्हेन्सवर उपचार" असे फलक बघून लोक यंत्र निवडायला निघतात, तेव्हा सांगावंसं वाटतं, की लेझर की रेडिओ लहरी हा प्रश्न तुमच्या कामाचा नाही. दोन्हींनी शीर सारखीच बंद होते. डॉक्टरांना विचारायचं ते हे: माझी गळती नेमकी कुठून आहे? ती डॉपलरमध्ये तुम्ही स्वतः पाहिलीत का? खोल शिरा मोकळ्या आहेत का? यांची उत्तरं कागदावर बोट ठेवून मिळाली, तर यंत्र कुठलंही असू द्या.

"उद्या बायपास करायची वेळ आली तर हीच शीर लागते ना?" असंही कुणीतरी विचारतं. लागते, पण निरोगी असेल तर. फुगून सैल पडलेली शीर बायपासला बहुधा चालत नाही. तेव्हा दुसऱ्या पायाची शीर, छातीतली किंवा हातातली धमनी वापरता येते.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी चालायचं. खाटेवर पडून राहिलं तर गुठळीचा धोका वाढतो, आणि आपल्याकडे तर ऑपरेशन झालं म्हटलं की सासू-सुना मिळून माणसाला खाली पाय टेकू देत नाहीत. शहाद्याहून किंवा यावलहून एसटीने आला असाल, तर परतीच्या वाटेवर बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवत राहा, गाडी थांबेल तिथे उतरा. मांडीच्या आत आठवडा-दोन आठवडे दोरी ओढल्यासारखं वाटतं, ते अपेक्षित आहे. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर मात्र घरी थांबू नये, तडक दवाखाना गाठावा. डॉक्टर सहसा थोड्याच दिवसांत पुन्हा डॉपलर करून शीर बंद झाल्याची आणि खोल शिरेत गुठळी नसल्याची खात्री करतात. गरोदरपणात हे ऑपरेशन करत नाहीत. बाळंतपणानंतर काही महिने थांबून पुन्हा तपासतात. आणि हो, काही वर्षांनी दुसरी एखादी शीर बिघडू शकते. एकदा केलं म्हणजे जन्माची सुटका, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

दाबाचे मोजे हा स्वतंत्र विषय आहे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. पारा ४५ अंशांवर गेलेल्या मे महिन्यात ते घालून केळीच्या बागेत काम करा म्हणणं सोपं आहे, करणं नाही. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीनंतरच्या थंडीत ऑपरेशन उरकावं, असं मी सुचवतो. मोज्यांनी सूज आणि ठणका कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि मधुमेह असलेल्यांच्या पायाची धमनी आधी तपासलीच पाहिजे. पायाला येणारं रक्तच कमी असेल, तर घट्ट मोजा किंवा पट्टी पाय काळा करू शकते.

घोट्याजवळची जखम घेऊन लोक वर्ष-वर्ष ड्रेसिंग करत फिरतात. २०१८ साली ब्रिटनमधल्या ४५० पेशंटवरच्या एका अभ्यासात, पट्टी बांधण्याबरोबरच शीरही लगेच बंद केली, तेव्हा निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. शीर बंद करायला उशीर केलेल्यांना ८२ दिवस लागले. म्हणजे "आधी जखम भरू दे, मग ऑपरेशन बघू" हा जुना हिशेब उलटा आहे. मात्र धडगाव-अक्कलकुव्याकडून घोट्याला जखम असलेला तरुण मुलगा आला, तर शिरांकडे बोट दाखवण्याआधी त्याची सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आहे आणि त्याची जखम नेमकी याच जागी होते. फार जुनी, कडा उचललेली जखम असेल तर तुकडा काढून कॅन्सर नाही ना, हेही पाहावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सर्जरीच्या ओपीडीत आधी तिथे दाखवता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया, तीही कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या रुग्णालयात बसते, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याआधी विचारावं. खासगी विमा असेल तर डॉपलरचा अहवाल आणि त्रासाची लेखी नोंद फाइलला लावावी, नाहीतर हे दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन आहे असं म्हणून दावा अडू शकतो.

राहिलं रक्तस्रावाचं. घोट्याजवळची पातळ झालेली शीर कधी कधी आपोआप फुटते, बहुधा मोरीत, गरम पाण्याने अंघोळ करताना. दुखत नाही, त्यामुळे माणसाला पायाखालचं पाणी लाल झालेलं बघूनच कळतं. घरचे घाबरून गुडघ्याखाली फडकं आवळून बांधतात आणि पेशंटला खुर्चीवर बसवतात. दोन्ही चुकीचं. वरून बांधल्याने शिरेतलं रक्त अडतं आणि धार वाढते. बसवल्याने दाब तसाच राहतो. तिथल्या तिथे जमिनीवर आडवं करा, पाय भिंतीला किंवा उशांवर उंच टेकवा, आणि स्वच्छ कापडाची घडी फुटलेल्या जागेवर थेट दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका, दहा मिनिटं तरी दाबून ठेवा. पाय हृदयाच्या वर गेला की धार बहुतेक वेळा लगेच मंदावते. त्यानंतर पट्टी बांधून, पाय उंचच ठेवून दवाखान्यात न्या. त्याच आठवड्यात डॉपलर करून ती शीर बंद करून घ्या, कारण एकदा फुटलेली जागा पुन्हा फुटू शकते.